एका ओळीत पाच अक्षरं

१२ ऑगस्ट १९९६, सोमवार

फळा फुटला. म्हणजे नानांनी फोडला. भिंतीवर मारला, आणि मग स्वतःच खाली बसून तुकडे गोळा करायला लागले. आई म्हणत होती, राहू द्या, हाताला लागेल. ऐकतात कशाला!

मुळात तो फळा मीच क्लासमधून आणला होता. खडूची धूळ उडते, ती नानांच्या गळ्याच्या भोकातून थेट आत जाते, आणि खोकला लागला की मग थांबत नाही — हे आधी सुचायला नको? पोरांना कॉम्प्युटर शिकवते म्हणे! डोकं कुठे ठेवते कोण जाणे.

वही-पेन आहे. पण नानांचं अक्षर म्हणजे मुंग्या चालल्यात. मला लागतं, आईला लागत नाही. आई साक्षरता वर्गात शिकलेली. तिला मोठं, छापील, सुटं सुटं अक्षर हवं, एसटीच्या पाटीवर असतं तसं. म्हणून मग नाना लिहितात, मी मोठ्याने वाचते, आई उत्तर देते. जूनमध्ये गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, तेव्हापासून हेच. नवरा-बायको बोलतात आणि मधे मी.

आज शेजारच्या लताबाई विरजण मागायला आल्या होत्या. नानांनी आईसाठी फळ्यावर मोठं मोठं काहीतरी लिहिलं. मी सवयीने धडाधडा वाचून मोकळी — रात्री का रडत होतीस?

लताबाई वाटी घेऊन तशाच उभ्या. आई आत निघून गेली. नानांना खोकला लागला. आणि मग फळा.

१४ ऑगस्ट

लताबाईंच्या फोनवर कॉलेजमधल्या ज्योत्स्नाचा फोन. पुण्यात तिच्या कंपनीत जागा निघाली आहे, सी लँग्वेज नीट येणारी मुलगी हवी. तुझ्यासाठीच आहे बघ, म्हणाली. पटकन नाही म्हणून सांगितलं. का, तर म्हणे इथे बरं चाललंय! आणखी काय सांगणार? लताबाई पडद्याआड भाजी निवडत होत्या, कान इकडे.

खरं सांगायचं तर, कॉलेजपासून मला हेच काम हवं होतं. पण मी गेले तर ही दोघं एकमेकांशी बोलणार कशी?

१९ ऑगस्ट

संध्याकाळच्या बॅचला गोटू-एक्सवाय शिकवलं. पडदा म्हणजे ऐंशी उभे रकाने आणि पंचवीस आडव्या ओळी. कर्सरला आधी जागा सांगायची, मग अक्षर टाकायचं. नुसतंच टाकलं तर ते जाऊन बसतं कुठेही. मी म्हटलं, फलाट सांगितल्याशिवाय गाडी लागते का? पोरं हसली.

हे नानांचं. नाना सगळी हयात एसटीच्या सीबीएस स्टँडवर माइकपाशी बसले. सटाणा, देवळा, सिन्नर, कुठली गाडी कुठल्या फलाटावर, ते सांगायचे. नाशकात कुणालाही विचारा, तो आवाज ओळखीचा निघेल. शाळेत मैत्रिणी म्हणायच्या, मोहिनी, तुझे वडील आमच्याशी रोज बोलतात गं! आणि मी फुशारक्या मारायचे.

तर आज दिशा नावाच्या मुलीने गंमत केली. भरीव चौकोनी ठोकळ्याचं एक चिन्ह असतं. ते एकाखाली एक, एकाशेजारी एक टाकून तिने पडद्यावर आपल्या नावाचा इंग्रजी डी काढला. वीतभर मोठा! मागच्या बाकावरूनही दिसला. मी शाबास म्हणायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले.

इंग्रजी काढता येतं तर मराठी का नाही? मोठं. छापील. सुटं सुटं. आणि धूळ नाही!

२० ऑगस्ट

दोन ठोकळे शेजारी टाकले की एक चौरस होतो. आठ चौरसांचं एक अक्षर. म्हणजे एका ओळीत पाच अक्षरं मावतात. पाच पुष्कळ झाली. आई-नाना काय भाषणं देणार आहेत एकमेकांना?

२५ ऑगस्ट, रविवार

मनोज कॉम्प्युटर घेऊन आला. आमच्या क्लासची मशीनं हाच दुरुस्त करतो. कुठल्याशा ऑफिसातून काढून टाकलेलं जुनं मशीन, काळा-पांढरा मॉनिटर. खोका उचलून दोन जिने चढला आणि वर येऊन म्हणतो, "मॅडम, तळमजल्यावर राहायला काय होतं तुम्हाला!" आईने त्याला चहाबरोबर चिवडा, चिवड्याबरोबर लाडू असं खाऊ घातलं की बिचारा जिना उतरताना धापा टाकत होता.

ठेवायचं कुठे? शेवटी आईच्या शिलाई मशीनवर. आई धुसफुसली. मग तिनेच भरतकामाचं कापड आणून त्याच्या डोक्यावर घातलं. आता देवघर वाटतंय.

नाना लांबून बघत होते. कुतूहल होतं, पण दाखवायचं नव्हतं. दवाखान्यात त्यांना गळ्याला लावून बोलायचं बॅटरीचं यंत्र दाखवलं होतं, ते त्यांनी एकदाच लावून बघितलं. त्यातून जी घुं घुं निघाली ती ऐकली आणि यंत्र हळूच टेबलावर ठेवून दिलं. पुन्हा हात म्हणून लावला नाही. त्या आवाजाच्या माणसाने तो आवाज कसा लावायचा? मी तरी आग्रह केला नाही.

१ सप्टेंबर

चौकटीच्या कागदावर अक्षरं काढतेय. पेन्सिलीने चौकट भरली की ठोकळा, रिकामी सोडली की जागा. क, ग, म, न सोपे. ळ ने जीव काढला. चार वेळा खोडला, चारही वेळा जिलबी. झ बद्दल तर बोलायलाच नको. आणि नानांचं नावच झुंबर!

आई शेजारी बसून प्रत्येक अक्षर ओळखून बघते. भ ला म म्हणाली, तेव्हा भ पुन्हा काढला. तिला ओळखू आलं तरच पास. नाहीतरी हे तिच्यासाठीच आहे.

३ सप्टेंबर

'क्ष' राहिला. मरू दे.

५ सप्टेंबर

डोकं फिरलं! सगळी अक्षरं झाली, फंक्शन लिहिलं — अक्षर द्या, जागा द्या, ते काढून देतं. झकास. पण खालच्या ओळीतल्या पाचव्या अक्षराचा अगदी शेवटचा कोपरा पडला की अख्खा पडदा एक ओळ वर सरकतो आणि वरच्या शब्दाची शिरोरेघ गायब. डोकं उडवल्यासारखा शब्द! दोन दिवस शोधते आहे. चूक माझी नाहीच. पडद्याचा स्वभावच तसा: शेवटच्या घरात काही टाकलं की त्याला वाटतं, पान भरलं, सरका वर.

मग काय, शेवटची ओळ वापरायचीच नाही. अक्षरं थोडी बुटकी केली. एवढ्यासाठी दोन दिवस घालवले आणि काल पोळ्या करपवल्या. आईने करपलेल्या आपल्या ताटात घेतल्या.

८ सप्टेंबर, रविवार

आज झालं.

की-बोर्डवर कागदाचे तुकडे चिकटवले, प्रत्येकावर एक मराठी अक्षर. काना-मात्रेसाठी वेगळी बटणं. नानांना खुर्चीत बसवलं, मी शेजारी, आई मागे उभी. नानांना अक्षरं सापडेनात. मी आपली — नाना तिकडे, नाही नाही वरच्या ओळीत, अहो डावीकडे! त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि एक बटण दाबलं. पडद्यावर द आला. वीतभर. मग शोधून शोधून म.

आईने मागून वाचलं, "द... म. दम."

आणि फिदीफिदी हसायला लागली. तीन महिन्यांनी आई हसली! नानांचे खांदे हलत होते. नाना हसतात तेव्हा आता आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. मला रडूच आलं. कुणी बघायच्या आत पाणी आणायला उठले.

९ सप्टेंबर

नानांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं मन भरून आलं. कसलं मन! दर अक्षराला मी सगळा पडदा पुसून परत काढत होते, त्याने लुकलुक होत होती. आता बदललेलं अक्षर तेवढंच पुसते. डोळे शांत.

१८ सप्टेंबर

गणपतीत घर भरलेलं. भिका काका आले होते, नानांबरोबर सीबीएसवर कंट्रोलर होते ते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच आले. पहिली दहा मिनिटं ते आईशीच बोलत राहिले, नानांकडे बघून नुसतं बरंय ना, बरंय ना. मला त्यांचा राग नाही आला. मला माहीत आहे ते.

मग नानांनी खुर्ची ओढली आणि टाइप केलं. पाच अक्षरं झाली की पुढचं खालच्या ओळीत. गाडी लागली. भिका काकांना क्षणभर समजलं नाही. मग आई ताटं घेऊन आली आणि समजलं. ते मोठ्याने म्हणाले, "प्रवाशांनी रांगेत यावे!" आणि मांडी घालून बसले. मग दोघांचं काय काय चाललं होतं. नाना एकेक शब्द टाकायचे, काका त्यावर पाच मिनिटं बोलायचे.

जाताना जिन्यात मला म्हणाले, पोरी, लय मोठं काम केलंस. मी काय, फुगले.

२९ सप्टेंबर

एक नवीन गोष्ट टाकली. घंटा. स्पेसबार दाबला की मशीन टूं वाजतं. आता आईला हाक मारायला नानांना टाळ्या वाजवाव्या लागत नाहीत. आज दिवसभरात इतक्या वेळा वाजवली की आई स्वयंपाकघरातून म्हणाली, एस्टीत होते तेव्हा एवढे बोलले नाहीत.

घंटा वाजवतात, आई हात पुसत येते, पदर खोचत पुढ्यात स्टुलावर बसते आणि म्हणते, काय? मग ते टाइप करायला घेतात. टाइप करताना प्रत्येक शब्द तोंडाने म्हणायची नानांना सवय आहे. पहिल्यापासून आहे, पोस्टकार्ड लिहितानाही म्हणायचे.

गळ्यावरचा जाळीचा रुमाल आई सकाळ-संध्याकाळ बदलते. मी त्या वेळी आत जाते. आज तिने उगाच हाक मारली, जरा धर गं इकडून. मी म्हटलं दूध उतू जातंय. गॅस बंदच होता.

९ ऑक्टोबर

आई पडद्याकडे बघतच नाही! आज मुद्दाम लक्ष ठेवलं. स्टूल अशा जागी ठेवते की पडदा तिला तिरका दिसतो. नाना दोन अक्षरं टाकतात न टाकतात तोवर हिचं उत्तर तयार. अंदाजपंचे! तीस वर्षांचा संसार, नाना काय म्हणणार हे तिला पाठच. पण अंदाजावर कसं भागेल? उद्या औषधाचं नाव असलं तर? छातीत दुखतंय म्हणाले तर?

तिला नीट समजावलं. आई, नानांकडे नको बघू, अक्षराकडे बघ. म्हणाली, बरं. आणि पुढच्या वाक्याला परत तेच.

२२ ऑक्टोबर

दसरा झाला, दारावरचा झेंडू अजून सुकायचाय, आणि घरात हे असं. लिहायलाही नको वाटतंय.

मी आज आईची परीक्षा घेतली. डिले नावाचं फंक्शन असतं, ते घालून अक्षरं एकेक करून सावकाश येतील असं केलं, म्हणजे अंदाज बांधता येणार नाही. आणि नानांना बाजूला बसवून शब्द मी टाकले. भोपळा. आई भो, प पर्यंत आली आणि ळा ला अडकली. पुढचा शब्द, त्यालाही अडकली. तिसऱ्याला म्हणाली, पुरे गं, मला चष्मा लागलाय वाटतं. मी चिडले. नको ते बोलले. म्हटलं, तुला शिकायचंच नाही, तुला मी जन्मभर इथे बसून वाचून दाखवायला हवीय!

आईचं तोंड एवढंसं झालं. मग म्हणाली, "अगं, मला यांचं—"

नानांनी टूं वाजवलं. जोरात, दाबून धरलं. नानांनी टाइप केलं, पुरे. माझ्याकडे बघून नाही, आईकडे बघून. मला वाटलं ते माझी बाजू घेतायत, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

रडून झाल्यावर आईच्या जवळ जाऊन बसले. तिने तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, येईल मला हळूहळू. तू नको जीव जाळू.

११ नोव्हेंबर

दिवाळी. यंदा फटाके नाहीत, धुराने नानांना त्रास होतो. आईने अनारसे केले. नाना पहाटे अभ्यंग करून मशीनसमोर बसले आणि टाइप केलं, साडी छान. मी शेजारी होते, पण वाचलं नाही मोठ्याने. तोंड घट्ट मिटून बसले! आई आली, एकदा बघितलं आणि म्हणाली, काहीतरीच. मागच्याच वर्षीची हाय.

तिने वाचलं! मी न सांगता! दोन शब्द, पहिल्या झटक्यात.

३० नोव्हेंबर

आई सुधारली आहे. आता मान पडद्याकडे वळवून बसते, डोळे बारीक करते. वेळ लागतो पण बरोबर सांगते. मी म्हटलं ना, परीक्षा घेतली की माणूस शिकतं!

नानांशेजारी बसायला मलाही आता बरं वाटतं. क्लासमधून आले की खुर्ची ओढायची, पाय पसरायचे, दोघांनी पडद्याकडे बघत गप्पा. मी बोलते, ते टाइप करतात. आज तासभर सिन्नरच्या एका कंडक्टरची गोष्ट सांगत होते. तो म्हणे गाडीत बोकड घेऊ देईना, मग म्हातारीने बोकडाचं अर्धं तिकीट काढलं. पाच-पाच अक्षरांत अख्खी गोष्ट! हसून हसून पोट दुखलं. ऑपरेशननंतरचे ते पहिले महिने आठवले की अंगावर काटा येतो. तेव्हा मी घरी आले की सरळ आत जायचे.

१७ डिसेंबर

ज्योत्स्नाचा परत फोन. ज्या मुलीला घेतलं होतं ती लग्न करून चालली. जागा पुन्हा रिकामी. ज्योत्स्ना म्हणाली, आता तिसऱ्यांदा विचारणार नाही.

घरी सांगितलं नाही. पण लताबाई कशाला आहेत?

१८ डिसेंबर

घरी आले तर पडद्यावर दोनच अक्षरं होती, अख्ख्या पडद्यावर एकटी. पुणे.

नाना खुर्चीत हाताची घडी घालून. आई शेजारी. मी म्हटलं, काही नाही ते, मी नाही म्हणून सांगणार आहे. नानांनी ते पुसलं आणि टाकलं, जा.

तुमचं कसं होणार, विचारलं. आई म्हणाली, आमचं आम्ही बघू. मला आता वाचता येतं ना. नको होतं तिने इतकं सहज म्हणायला. मला आनंदही झाला आणि कुठेतरी लागलंही. असं कसं गं, लगेच?

१९ जानेवारी १९९७

पुण्याला जाऊन आले. इंटरव्ह्यूमध्ये एकाने विचारलं, पडद्यावर अक्षरं दाखवायचं काही काम केलंय का? मी सुरू झाले ती थांबेनाच. ठोकळे, शिरोरेघ, शेवटचा कोपरा, लुकलुक, सगळं. शेवटी तो म्हणाला, हे कुणासाठी केलंत? आईसाठी, म्हटलं.

घेतलं त्यांनी.

२ फेब्रुवारी, रविवार

जायच्या आधी मला एकदा खात्री करून घ्यायची होती. या खेपेला नीट, न रागावता. मी स्वयंपाकघरात बसले, दार ओढून. नानांना म्हटलं, आईला काहीही सांगा, लांबलचक. आई मला येऊन सांगेल, मग मी पडद्यावर ताडून बघेन.

आई आली आणि म्हणाली, हे म्हणतात, पुण्यात पाणी उकळून पी, ज्योत्स्नाकडं राहा, खोली करू नको एकटी, आणि भांडायची सवय हाय ती इथंच ठेवून जा.

धावत जाऊन बघितलं. पडद्यावर फक्त पाणी उकळ पर्यंतच होतं! म्हटलं, पुढचं कुठाय? नानांनी मान हलवली, पुसलं, अशी खूण केली. बरोबर, शेवटून एकेक अक्षर पुसायचं बटण मीच दिलंय. तरी एवढ्या वेळात एवढं टाइप झालं? नानांचा हात केवढा बसला आहे! दोघांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. आईच्या पडले.

१६ फेब्रुवारी

तीन मार्चला रुजू व्हायचं. मनोजला सांगून ठेवलं, महिन्यातून एकदा मशीन बघून जा. तो म्हणाला, चिवडा असला तर आठवड्यातून बघतो.

नानांना चालू-बंद करायचं दाखवलं. ते ऐकत होते, पण माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, नाना, इकडे बटणाकडे बघा. मान डोलावली आणि पुन्हा माझ्याकडेच. मी आपली बटणाकडे बघत शिकवत राहिले.

२१ फेब्रुवारी

बॅग अर्धी भरली. आईने त्यात न विचारता मेतकूट कोंबलंय. सारखं मनात येतं, मशीन बंद पडलं तर? ही दोघं मुकी होऊन बसतील, मनोज येईपर्यंत. जीव इथेच अडकलाय.

२५ फेब्रुवारी

क्लासमध्ये लाईट गेली म्हणून दुपारीच घरी आले. घरीही नव्हती. मॉनिटरवर आईचं कापड टाकलेलं. मागच्या गॅलरीत दोघं वाटाणे सोलत बसली होती आणि नानांचे ओठ चालले होते. भराभर, हात हलवत. आई हं हं करत होती. मधेच म्हणाली, "अहो, तोंडातला दाणा आधी गिळा, मग सांगा." नाना थांबले, गिळला, परत सुरू. केवढं सांगत होते!

तिने मला दारात बघितलं. कधीपासून, मी विचारलं.

"गणपतीपासनं. टाइप करताना तोंडानं म्हणतात ना, ते बघता बघता यायला लागलं." मग सांगितलं का नाही? आई शेंग सोलत राहिली. "मी सांगणार होते. हेच नको म्हणाले. म्हणाले, पोरगी माझ्या तोंडाकडं बघत नाय. त्या काचेकडं बघत का होईना, शेजारी बसते ना. चालू दे."

पाट ओढला आणि नानांच्या समोर बसले. रुमाल वाऱ्याने हलत होता. त्यांनी काहीतरी म्हटलं. कळलं नाही. परत म्हणा, म्हटलं. आई सांगायला लागली, तिला थांबवलं. त्यांनी परत म्हटलं, सावकाश.

जेवलीस का.

नाही जेवले, म्हटलं.